राखीव कॅचर ते चार विजेतेपदांचा मॅनेजर: ब्रूस बोची बाकावर काय शिकला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, बेसबॉलमध्ये कॅचर आहात, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेले चेंडू झेलणारे, जिल्हा संघात नियमित खेळता पण राज्य संघात राखीव राहता. पुढे कोच व्हायचं मनात आहे. संघातले ज्येष्ठ मात्र म्हणतात, जो स्वतः वरच्या पातळीवर खेळला नाही त्याचं पोरं ऐकत नाहीत. अशात अमेरिकन बेसबॉलमधल्या ब्रूस बोचीचं नाव तुमच्या वाचनात आलं आणि तुम्ही विचारलंत, की इतका सामान्य खेळाडू इतका मोठा मॅनेजर झाला कसा, आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय?

शाळा-कॉलेजच्या मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय. त्यातही कॅचर घडवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम, म्हणून बोचीच्या कारकिर्दीकडे मी फार जवळून पाहत आलो आहे. उत्तर लांबेल, पण तुमचा प्रश्न तेवढा मोलाचा आहे.

आधी ज्येष्ठांच्या म्हणण्याचं बघू. सामान्य खेळाडू चांगला मॅनेजर होतो का? अमेरिकन बेसबॉलचा इतिहास या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. वॉल्टर अल्स्टनला मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, १९३६ साली एकदाच बॅटिंग मिळाली आणि त्यात तो स्ट्राइक आउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद. त्याच अल्स्टनने पुढे डॉजर्स संघ १९५४ ते १९७६ असा सांभाळला आणि चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिका, जिंकल्या. अर्ल वीव्हर मेजर लीगमध्ये कधी खेळलाच नाही. टोनी ला रूसाची बॅटिंग सरासरी .१९९ होती, म्हणजे दहा वेळांत दोन हिटही नाहीत. दुसऱ्या बाजूला जो टॉरी १९७१ साली नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि त्यानेही न्यूयॉर्क यांकीजला चार विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे स्वतः किती मोठं खेळलात यावर हे ठरत नाही, ना इकडून ना तिकडून. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, असं मला वाटतं: बाकावर बसून जी वर्षं जातात, त्यांचं करायचं काय? बोचीची गोष्ट नेमकं याचंच उत्तर देते.

त्याआधी एक खुलासा. आपल्याकडे संघाबरोबरचा मॅनेजर म्हणजे रेल्वेची तिकिटं, राहण्याची सोय आणि ओळखपत्रांची फाइल सांभाळणारा माणूस. अमेरिकन बेसबॉलमधला मॅनेजर मैदानावरचे जवळजवळ सगळे निर्णय घेतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलणं कर्णधाराच्या हातात असतं, इथे ते मॅनेजरच्या हातात असतं. नऊ जणांची यादी तो देतो, पिचर कधी काढायचा ते तो ठरवतो, बदली बॅटर तो पाठवतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत आणता येत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल हा कायमचा खर्च असतो. नियमित हंगामात १६२ सामने असतात आणि हे सगळं जवळजवळ रोज करायचं असतं.

आता बोची. जन्म १६ एप्रिल १९५५, तोही फ्रान्समध्ये, कारण वडील अमेरिकन लष्करात होते आणि तेव्हा त्यांची नेमणूक तिथे होती. शिक्षण पुढे फ्लोरिडात झालं. १९७५ साली ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला निवडलं आणि १९७८ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला. ह्यूस्टन, मग १९८२ साली न्यूयॉर्क मेट्स, मग १९८३ ते १९८७ सॅन डिएगो पॅड्रेस. एकूण नऊ हंगामांत ३५८ सामने, सरासरी .२३९, होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले चेंडू) २६. हंगामाला साधारण चाळीस सामने पडतात. म्हणजे चारातले तीन दिवस हा माणूस बाहेर बसून होता.

सॅन डिएगोत नियमित कॅचर होता टेरी केनेडी, आणि शेवटच्या वर्षी आला बेनितो सांतियागो. १९८४ मध्ये पॅड्रेस वर्ल्ड सिरीजला पोहोचले आणि डेट्रॉइटकडून हरले. त्या अख्ख्या मालिकेत बोचीला एकदाच बॅट हातात मिळाली, आणि त्याने हिट मारला. मला त्याच्या खेळण्याच्या काळातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिवसेंदिवस न खेळता बसलेल्या माणसाला एका क्षणी उठून तयार असावं लागतं, आणि तो तयार होता.

राखीव कॅचर बसून असतो तेव्हा करतो काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बदली पिचर आत जाण्याआधी बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या सरावाच्या जागेत, चेंडू टाकून हात गरम करतो आणि ते चेंडू बहुतेक वेळा राखीव कॅचर झेलतो. त्यामुळे कोणाचा हात आज चालतोय, कोण नुसता जोर लावतोय, कोणाचा कर्व्ह आज वळतच नाही, हे सगळ्यात आधी त्याच्या तळहाताला कळतं. मी माझ्या कॅचरना पहिल्यांदा शिकवतो ते हेच. पिचर थकला की वेग लगेच पडत नाही. आधी गुडघ्याच्या उंचीवर येणारे चेंडू हळूहळू पट्ट्याच्या उंचीवर यायला लागतात, कोपर किंचित खाली येतं, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो. ग्लोव्हचा आवाज बदलतो, तोही ऐकायला शिकावं लागतं. स्कोअरबुकमध्ये हे काही दिसत नाही. तिथे दिसतं ते दोन हिट बसल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. बोचीबद्दल सगळे एकमुखाने म्हणतात की बुलपेन वापरावं तर त्याने. मला त्यात काही जादू दिसत नाही. नऊ हंगाम तो हेच तर करत होता.

यातला दुसरा भाग कॅचर असण्याचा. मैदानावरचे बाकीचे आठ जण एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. सगळं मैदान त्याच्यासमोर असतं. पिचरचा रुसवा, शॉर्टस्टॉपची चुकलेली जागा, बॅटरचे सरकलेले पाय, सगळं एका नजरेत येतं. म्हणून कॅचरमधून मॅनेजर झालेल्यांची संख्या इतकी मोठी आहे. टॉरीही मुळात कॅचरच.

खेळणं संपल्यावर बोची थेट मोठ्या संघाच्या खुर्चीत बसला नाही. हा भाग लोक उडी मारून पुढे जातात, म्हणून मी मुद्दाम थांबतो. १९८९ साली त्याला स्पोकेन इथला अगदी खालच्या पातळीवरचा संघ मिळाला. नुकतीच निवड झालेली, घरापासून पहिल्यांदाच लांब आलेली पोरं. ती लीग त्याने जिंकली. मग रिव्हरसाइड, मग १९९१ मध्ये हाय डेझर्ट, १९९२ मध्ये विचिता, आणि या दोन्ही संघांबरोबर पुन्हा विजेतेपद. चार वर्षांत तीन. मायनर लीग, म्हणजे मेजर लीगखालच्या पातळ्या, म्हटलं की लांबचे बसप्रवास, साधी हॉटेलं आणि तुटपुंजा पगार. शिवाय तिथल्या मॅनेजरचं पहिलं काम जिंकणं नसतंच, मुलांना वरच्या पातळीसाठी तयार करणं हे असतं. एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘तुला अजून एक वर्ष इथेच राहायचंय’ असं सांगायची वेळ तिथे वारंवार येते. १९९३ आणि १९९४ साली तो पॅड्रेसचा थर्ड बेस कोच होता आणि १९९५ च्या हंगामापासून मॅनेजर. वय अवघं चाळीस. ज्याच्याबरोबर तो खेळला होता तो टोनी ग्विन आता त्याच्या हाताखाली खेळत होता.

सॅन डिएगोतली बारा वर्षं मी पटकन सांगतो. १९९६ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम मॅनेजर, १९९८ मध्ये ९८ विजय आणि वर्ल्ड सिरीज, तिथे यांकीजकडून ०-४ अशी हार. २००६ नंतर तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला. पहिल्याच वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, बॅरी बाँड्सने हँक आरनचा होमरनचा विक्रम मोडला. सगळ्या देशाचं लक्ष, त्यातही बरीचशी कडवट चर्चा, आणि संघ मात्र तळाला. असा ड्रेसिंग रूम सांभाळणं सोपं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे पोरं ऐकतात का. इथे बॅरी झिटोची गोष्ट नीट पाहा.

झिटो हा सात वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलरचा करार असलेला पिचर. २०१० मध्ये जायंट्स प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, पोहोचले तेव्हा बोचीने त्याला संघाच्या यादीतून वगळलं. बाकावरही जागा नाही. एवढा पैसा घेणारा खेळाडू, सगळ्या गावासमोर बाहेर. जायंट्सनी ती वर्ल्ड सिरीज टेक्सास रेंजर्सविरुद्ध जिंकली. १९५४ नंतरचं संघाचं ते पहिलं विजेतेपद आणि सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासूनचं तर पहिलंच. आता दोन वर्षं पुढे या. २०१२, सेंट लुईसविरुद्धच्या मालिकेत जायंट्स १-३ असे मागे, आणखी एक सामना हरले की संपलं. पाचव्या सामन्यात चेंडू झिटोच्या हातात दिला गेला. नऊ इनिंग्जच्या सामन्यात त्याने आठव्या इनिंगला दोन आउट होईपर्यंत एकही रन दिला नाही, वर एक बंट टाकून, म्हणजे चेंडूला बॅट हलकेच लावून, संघाला एक रनही मिळवून दिला. जायंट्स ५-० ने जिंकले, मग ती मालिकाही. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात डेट्रॉइटच्या जस्टिन व्हरलँडरसमोर पुन्हा झिटोच उभा होता, आणि तोही सामना जायंट्सनी जिंकला, पुढे विजेतेपदही.

२०१० साली वगळलेला माणूस २०१२ मध्ये असा खेळतो, याचा अर्थ मधल्या दोन वर्षांत त्याला कुणी टाकून दिलं नव्हतं. त्याच वर्षी टिम लिन्सेकम, ज्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवला होता, तो प्लेऑफमध्ये बुलपेनमधून आला आणि त्याने ती जबाबदारी चोख पार पाडली. खेळाडू मॅनेजरचं ऐकतात ते त्याच्या जुन्या सरासरीकडे बघून नाही. त्यांना एवढंच कळायला हवं असतं, की मी खेळत नसताना माझं काय होतंय हे या माणसाला माहीत आहे. बोचीला ते माहीत होतं, कारण चारातले तीन दिवस तो स्वतः न खेळणाऱ्यांत होता.

माझ्या कामात मी एक नियम पाळतो आणि तो याच विचारातून आलेला आहे. बाहेरगावच्या स्पर्धेत आदल्या रात्री संघ जाहीर करण्याआधी, जो बाहेर राहणार आहे त्याला मी एकट्याला बोलावतो आणि कारण सांगतो. सगळ्यांसमोर यादी वाचताना त्याला ते पहिल्यांदा कळू नये. कारणही खरं सांगतो: ‘तुझा सेकंड बेसचा थ्रो अजून उशिरा जातोय, त्यांचे रनर वेगवान आहेत.’ मुलगा नाराज होतो, कधी रडतो. पण सातव्या इनिंगला त्याला हाक मारली की तो पॅड बांधून तयार असतो.

बोचीच्या नावाने सगळ्यात जास्त सांगितली जाते ती २९ ऑक्टोबर २०१४ ची रात्र. कॅन्सस सिटी, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. सुरुवातीचा पिचर टिम हडसन दुसऱ्याच इनिंगमध्ये अडचणीत आला, स्कोअर २-२. बोचीने त्याला तिथेच काढलं आणि जेरेमी अ‍ॅफेल्टला आणलं. एरवी सामन्याच्या उत्तरार्धात येणारा माणूस दुसऱ्या इनिंगला! अ‍ॅफेल्टने चौथ्या इनिंगपर्यंत झाकण बसवलं आणि मधल्या काळात जायंट्स ३-२ असे पुढे गेले. पाचव्या इनिंगला आला मॅडिसन बमगार्नर. तीनच दिवसांपूर्वी त्याने ११७ चेंडू टाकून पूर्ण सामना काढला होता. तो दोन इनिंग्ज टाकेल असा बहुतेकांचा अंदाज होता. बोचीने त्याला पाच इनिंग्ज ठेवलं, ६८ चेंडू, शेवटपर्यंत. नवव्या इनिंगला दोन आउट असताना बरोबरीचा रनर थर्ड बेसवर पोहोचला, म्हणजे रन पूर्ण करायला एकच टप्पा उरला, तरीही बदल नाही. साल्व्हादोर पेरेझचा उंच उडालेला फाउल पाब्लो सँडोव्हालने झेलला आणि पाच वर्षांतलं तिसरं विजेतेपद आलं.

आता तोच मॅनेजर, ११ ऑक्टोबर २०१६. शिकागो कब्जविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला चौथा सामना, जायंट्स ५-२ असे पुढे. मॅट मूरने आठ इनिंग्ज आणि १२० चेंडू टाकलेले, फक्त दोन हिट दिलेल्या. नवव्या इनिंगला बोचीने त्याला काढलं. मग एकामागून एक असे पाच पिचर त्या एका इनिंगमध्ये आले, चार रन गेले, सामना ५-६ असा हरला आणि हंगाम संपला. दोन वर्षांपूर्वी ‘काढला नाही’ म्हणून जो थोर ठरला, तोच आता ‘काढला’ म्हणून दोषी ठरला.

मी दोन्ही सामने माझ्या मुलांना मुद्दाम जोडीने दाखवतो. दोन्ही वेळी पद्धत तीच होती: समोरच्या बॅटरसाठी आत्ता या घडीला कोणता हात योग्य. २०१४ मध्ये त्याच्याकडे बमगार्नर होता. २०१६ मध्ये बुलपेनमध्ये असा एकही जण उरला नव्हता ज्याच्या हाती डोळे मिटून चेंडू द्यावा. १२० चेंडूंनंतर मूरला काढणं हे मी तरी चूक म्हणणार नाही. मॅनेजरच्या हातात निर्णय असतो, निकाल नसतो, आणि कोच व्हायचं असेल तर हे दुःख सोसायची तयारी आजपासून करा.

आकडेच सांगतो. २०१७ साली त्याच बोचीचा संघ ९८ सामने हरला. २०१९ ला तो निवृत्त झाला, मग २०२३ साठी टेक्सास रेंजर्सने त्याला परत बोलावलं. त्यांचा तेव्हाचा जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणी पाहणारा, ख्रिस यंग हा २००६ मध्ये सॅन डिएगोत त्याच्याच हाताखाली पिचर होता. आदल्या वर्षी ९४ सामने हरलेला हा संघ बोचीच्या पहिल्याच हंगामात, इतिहासात पहिल्यांदा, वर्ल्ड सिरीज जिंकला. त्या प्लेऑफमध्ये परक्या मैदानावरचे अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले. ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत पाचव्या सामन्यात होसे लेक्लेर्कला नवव्या इनिंगला घातक होमरन बसला होता. पुढच्याच सामन्यात बोचीने लेक्लेर्कलाच आणलं आणि तिन्ही बेसवर समोरचे रनर असताना त्याने स्ट्राइक आउट काढला. २०२५ च्या हंगामानंतर बोची रेंजर्सपासून वेगळा झाला तेव्हा त्याच्या नावावर २२५२ विजय आणि २२६६ पराभव होते. चार विजेतेपदं, आणि तरीही विजयांपेक्षा पराभव जास्त.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. बोचीला मायनर लीगची शिडी मिळाली, पगार घेऊन शिकता आलं. आपल्याकडे ती शिडी नाही. आपल्याकडे हंगाम म्हणजे काही स्पर्धा आणि त्यांच्या आधीची शिबिरं, त्यामुळे निर्णय घेण्याचा सराव फार थोडा मिळतो. शाळेत नोकरी हवी असेल तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागेल, त्याचा विचार आत्ताच करा. तुमच्या राज्य संघाचा कोच कसा आहे यावरही बरंच ठरेल. राखीव खेळाडूला प्रश्न विचारू देणारा असेल तर नशीब समजा. नसेल तर शेजारी बसून पाहायला कुणी मनाई करत नाही.

आणि खेळणं इतक्यात सोडू नका. बावीस हे वय कॅचरसाठी काहीच नाही. कोच व्हायचं म्हणून आता खेळाकडे दुर्लक्ष कराल तर दोन्हीकडून जाल.

पुढच्या शिबिरात मी असतो तर तुमच्याकडून हे करून घेतलं असतं. रोज एका पिचरचे सरावाचे चेंडू झेलल्यावर चार ओळी लिहायच्या: आज काय चाललं, कितव्या चेंडूनंतर उंची वाढली, रागावला की काय करतो. सामन्यात बाकावर असताना प्रत्येक इनिंगच्या आधी समोरचे पुढचे तीन बॅटर कोण ते शेजारच्याला सांगायचं आणि आपला कोणता पिचर त्यांच्यासाठी ठेवाल तेही. कोचने वेगळं केलं तर सामन्यानंतर, एकांतात, कारण विचारायचं. सुट्टीत गावातल्या शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ हाताशी घ्यायचा, फुकट का होईना, कारण तुमचं स्पोकेन तेच आहे. आणि २०१४ चा तो सातवा सामना पूर्ण मिळवून बघा, स्कोअरबुक मांडीवर घेऊन. दुसऱ्या इनिंगला हडसन अडचणीत आला की तिथे थांबवा, तुम्ही कोणाला आणलं असतं ते कारणासह लिहा, आणि मगच पुढे चालू करा.